भोगवती : पेण-रोह्याच्या दोन नद्या आणि एक विरळ स्त्रीनाम

पुराणांनी गंगेला तिन्ही लोकांत वाहविले आणि प्रत्येक लोकात तिला निराळे नाव दिले. स्वर्गात ती मंदाकिनी, पृथ्वीवर भागीरथी आणि पाताळात भोगवती. यांपैकी पहिली दोन नावे मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या नांदली. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या मातोश्री भागीरथीबाई. त्यांच्या काळात आणि पुढेही बराच काळ हे नाव सर्व थरांत आढळते. विसाव्या शतकात भागीरथी आजीच्या पिढीत सरकली आणि पाळण्यात मंदाकिनी आली, तिची घरोघर 'मंदा' झाली. तिसरे नाव मात्र स्त्रीला ठेवलेले क्वचितच दिसते. ते आढळते नद्यांना, आणि त्यांतली एक रायगड जिल्ह्यातील पेणवरून वाहत धरमतरच्या खाडीला मिळते. त्याच खाडीत थोड्या उत्तरेकडून पाताळगंगा येते. 'पाताळगंगा' आणि 'भोगवती' ही पुराणदृष्ट्या एकाच प्रवाहाची दोन नावे होत, आणि ती एकाच खाडीच्या मुखाशी शेजारी यावीत, हा योगायोग असो वा नामकरण करणाऱ्या कोणा बहुश्रुताचे काम असो, लक्षणीय आहे. एकाच कुळातील तीन नावांपैकी दोन स्त्रियांच्या वाट्याला आली आणि एक नदीपाशीच थांबले, असे का झाले असावे?

नामकोशांकडे हा प्रश्न नेला तर फारसे काही हाती लागत नाही. नवजात बालकांसाठी छापल्या जाणाऱ्या नावांच्या पुस्तकांची रीत अशी की, प्रत्येक नावापुढे एक सुखद शब्द ठेवावयाचा. 'भोगवती'पुढे 'ऐश्वर्यवती' किंवा 'नागकन्या' असे काही लिहिले की त्यांचे काम संपते. या रीतीमागे एक गृहीत दडलेले आहे : नावाचा अर्थ म्हणजे त्याची व्युत्पत्ती. याच्या नेमक्या विरुद्ध टोकाला जॉन स्टुअर्ट मिल याची १८४३ मधील भूमिका आहे. विशेषनाम केवळ निर्देश करते, त्याला गुणवाचक अर्थ नसतो, असे तो मानतो. तर्कशास्त्राच्या सोयीसाठी ती ठीक असेल. पण जेथे विवाहाच्या वेळी तांदळांवर नवे नाव रेखून वधूचे जुने नाव पुसले जाते, तेथे नाव ही निव्वळ खूणगाठ आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. क्लोद लेव्ही-स्ट्रॉस याने १९६२ मध्ये नामकरण म्हणजे वर्गीकरण असे प्रतिपादिले, ते मराठी व्यवहाराच्या अधिक जवळचे आहे. नाव देणारा समाज त्या व्यक्तीला कोठेतरी बसवीत असतो. मात्र वर्गीकरणाच्या या चौकटीत रिकाम्या राहिलेल्या जागांचा विचार सहसा होत नाही. 'भोगवती' ही अशी एक रिकामी जागा आहे.

शब्दापासून आरंभ करणे इष्ट. संस्कृत धातुपाठात 'भुज्' हा धातू दोनदा येतो. एक 'भुज्' वाकणे, वेटाळणे या अर्थाचा. दुसरा पालन करणे आणि खाणे, उपभोगणे या अर्थांचा. पहिल्यापासून भुज, भुजंग हे शब्द आले. दुसऱ्यापासून भोजन, भोजक, भोज, उपभोग. 'भोग' हा शब्द दोन्ही धातूंच्या वाटेवर उभा आहे. अमरकोशाने ही संदिग्धता नानार्थवर्गात जशीच्या तशी नोंदविली आहे. तेथे 'भोग' म्हणजे सुख, स्त्री इत्यादींना द्यावयाचे वेतन, आणि सर्पाची फणा व शरीर. 'भोगवती' या शब्दाचा अर्थ देताना मात्र अमरसिंहाला कोणताही संभ्रम नाही : ती नागांची नदी आणि नागांची नगरी. म्हणजे शब्दाच्या मूळ जागी अर्थ पहिल्या धातूचा आहे. भोगवती ही उपभोगणारी नव्हे, वेटोळ्यांची. महाभारताच्या उद्योगपर्वात इंद्राचा सारथी मातली आपल्या गुणकेशी या कन्येसाठी वर शोधीत नारदाबरोबर पाताळात उतरतो, तेव्हा त्याला वासुकीची भोगवती नगरी दिसते, आणि तेथे सुमुख नावाचा नागकुमार त्याच्या मनात भरतो. सर्पलोक तेथे भयाचा नाही. मुलगी द्यावी असे ते घर आहे.

पेणहून नागोठण्यावरून रोह्याकडे गेले की दुसरी नदी भेटते, कुंडलिका. सह्याद्रीतून उतरून रोह्यावरून ती रेवदंड्याच्या खाडीला, म्हणजे प्राचीन चौल बंदराच्या पाण्याला मिळते. 'कुंडल' म्हणजे कडे, कर्णभूषण, वेटोळे. 'कुंडलिका' म्हणजे लहानसे वेटोळे. अमरकोशाच्या सर्पवाचक शब्दांच्या मालिकेत 'कुंडली' आणि 'भोगी' हे दोन्ही शब्द थोड्याच अंतराने येतात. पेणची नदी आणि रोह्याची नदी या दोहोंची नावे अशा रीतीने एकाच प्रतिमेची दोन रूपे ठरतात. वळणे घेत जाणाऱ्या पाण्याला सर्पाची उपमा देणे हा काही खास कोकणी कल्पनाविलास नव्हे. जालन्याच्या नदीचेही नाव कुंडलिकाच आहे, आणि भोगवती कोल्हापुरात व सोलापूर-धाराशिव भागातही आहेत. तरी दोन शेजारच्या तालुक्यांत ही जोडी मिळावी, हे अभ्यासकाला सोयीचे आहे. (नागोठण्याच्या नावातील 'नाग' येथे ओढून आणण्याचा, किंवा पुढे येणाऱ्या रोहिणीच्या कथेमुळे 'रोहे' या ग्रामनामाकडे पाहण्याचा मोह मात्र आवरलेला बरा. ध्वनिसाम्यावर उभारलेल्या व्युत्पत्त्यांनी मराठी स्थलनामांच्या अभ्यासाचे पुरेसे नुकसान केले आहे.)

'कुंडलिका' हेही स्त्रीनाम म्हणून विरळच. 'कुंडलिक' हे पुरुषनाम घाटावर सर्रास आढळते, म्हणून त्याचे स्त्रीरूप सहज रूढ झाले असते असे वाटेल. पण ही जोडी फसवी आहे. पुरुषांचा कुंडलिक हा पंढरीच्या पुंडलिकाच्या परिवारातला आहे, कुंडलाच्या नव्हे. कर्णभूषणाचा धागा दुसरीकडे सापडतो. काशीला कर्णभूषण गळून पडल्याच्या काशीखंडातील कथेवरून जो घाट 'मणिकर्णिका' म्हणून प्रसिद्ध झाला, त्याचे नाव मराठी मुलींना मिळाले. झाशीच्या राणीचे माहेरचे नाव मणिकर्णिका. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचे माहेरचे नाव मनकर्णिका. काशीचे कुंडल पाळण्यात आले, रोह्याचे आले नाही.

येथे धर्मशास्त्राचा दाखला पुढे केला जाण्याचा संभव आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प इत्यादींची नावे असलेली कन्या वरू नये, असे सांगितले आहे. भोगवती हे नदीचे नाव आणि सर्पाचेही. म्हणजे निषेध दुहेरी. परंतु मराठी समाजाने हा निषेध किती पाळला? गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, तापी, कावेरी ही नावे वगळली तर एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्रीनामांची यादी निम्म्यावर आल्यासारखी दिसेल. पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो त्या बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कृतीची नायिका यमुना. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'ची निवेदिकाही यमुनाच. दोन्ही ठिकाणी विधवांच्या दुःखाची कथा एका नदीच्या नावाने सांगितली गेली आहे.

अर्थात निषेध न पाळणे आणि त्याची सावली न पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या काळातील प्रसिद्ध स्त्रियांची माहेरची नावे सासरच्या नावांशेजारी ठेवली की एक चित्र दिसू लागते. यमुना कुर्लेकर १८७३ मध्ये रमाबाई रानडे झाल्या. कल्याणच्या जोश्यांची यमुना १८७४ मध्ये आनंदीबाई झाली आणि पुढे पहिल्या भारतीय स्त्री-डॉक्टरांत तिची गणना झाली. लोकमान्य टिळकांच्या पत्नी माहेरी तापी, सासरी सत्यभामा. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये ज्या विधवेशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई आनंदीबाई झाल्या. दोन मणिकर्णिका दोन लक्ष्मी झाल्या, हे वर आलेच. माहेरची नदी सासरी लक्ष्मी, रमा, आनंदी होते. तीर्थाच्या जागी गृहिणीपद येते. हे मनूच्या आज्ञेवरून जाणीवपूर्वक घडले असे म्हणण्यास आधार नाही, कारण नदीची नावे सासरीही दिली जात, आणि नामांतर तर नदी नसलेल्या नावांचेही होत असे. पण सुधारकांच्या घरांतही हे पुसणे इतक्या सहजपणे व्हावे, याची नोंद सुधारणेच्या इतिहासात फारशी झालेली नाही. नदीच्या नावाची मुलगी नको असे कोणी म्हटले नाही; ती नदी घरात आली की तिचे नाव बदलले, इतकेच.

सर्पाच्या बाजूनेही निषेधाचे कारण पुरेसे पडत नाही. महाराष्ट्राच्या लेखी इतिहासात अगदी आरंभी जी राणी भेटते तिचे नाव नागनिका, नाणेघाटातील कोरीव लेखात 'नायनिका'. घाटावरून कोकणात उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी हे नाव कोरलेले आहे. वाकाटकांच्या घरी आलेली गुप्तकन्या प्रभावती आपल्या ताम्रपटात आईचा उल्लेख नागकुलात जन्मलेली कुबेरनागा असा अभिमानाने करते. आणि रोह्याच्या दक्षिणेस, तळ्याजवळच्या कुडे येथील बौद्ध लेण्यांत इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील जे दानलेख आहेत, ते या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहेत. तेथे मांदव कुळातील 'महाभोज' ही पदवी धारण करणारे स्थानिक अधिपती आहेत. त्यांच्यापैकी खंदपालित याची ओळख त्याच्या आईच्या नावाने दिली आहे, आणि त्या आईची, विजयेची, स्वतःची पदवी 'महाभोजी' आहे. त्याच ठिकाणी महाभोजाच्या पदरी असलेल्या एका लेखकाच्या धाकट्या भावाच्या, शिवमाच्या, कुटुंबाचे दान नोंदलेले आहे. त्यात पत्नी विजया आहे, मुलगे आहेत, आणि मुलींनी दिलेले खांब आहेत. मुलींची नावे : सर्पा, शिवपालिता, शिवदत्ता, सुलसदत्ता. लेखात प्राकृत रूप 'सपा' असे आहे.

'महाभोजी' हे दुसऱ्या धातूचे अपत्य आहे, 'सर्पा' ही पहिल्या धातूच्या अर्थाची. 'भोगवती' या नावात जे दोन प्रवाह एकत्र येतात, ते दोन्ही त्या काळी या परिसरातील स्त्रियांना मानाने लागू होत होते. भोगणे म्हणजे तेथे भूमी राखणे व तिचे उत्पन्न घेणे. सर्प हे नाव धनिक, साक्षर कुटुंबातल्या लेकीचे. सर्पनामाची परंपरा पुढेही तुटली नाही. नागपंचमीच्या सुमारास जन्मलेली किंवा नागाच्या नवसाची मुलगी 'नागू' होत राहिली, आणि नागूबाई हे नाव विसाव्या शतकापर्यंत खेड्यापाड्यांत टिकले. सर्प अडथळा ठरला असता तर नागूबाई झालीच नसती.

अडथळा आला तो 'भोग' या शब्दाच्या दुसऱ्या वाटेवर, आणि त्याची चाहूल प्राकृत साहित्यातच लागते. जैन आगमांपैकी 'ज्ञाताधर्मकथा' या ग्रंथात राजगृहाच्या एका व्यापाऱ्याच्या चार सुनांची कथा आहे. सासरा प्रत्येकीला पाच साळीचे दाणे देतो आणि मागेन तेव्हा परत दे म्हणून सांगतो. उज्झिका दाणे फेकून देते. भोगवती ते खाऊन टाकते. रक्षिका डब्यात जपून ठेवते. रोहिणी ते पेरविते, वर्षानुवर्षे वाढविते, आणि पाच वर्षांनी ते परत आणण्यासाठी गाड्या लागतात. यानंतर कामे वाटली जातात : उज्झिकेकडे घरातील केरकचरा, भोगवतीकडे दळणकांडण आणि स्वयंपाक, रक्षिकेकडे कोठार, रोहिणीकडे घराचा कारभार. येथे 'भोगवती' हे स्त्रीचे व्यक्तिनाम आहे, आणि त्याचा नागांशी काडीचाही संबंध उरलेला नाही. नाव म्हणजे स्वभाव, स्वभाव म्हणजे शिक्षा. कथाकाराने वेटोळ्याचा धातू बाजूला सारून खाण्याचा धातू घेतला. शिक्षा म्हणून जे दिले ते दळणकांडण म्हणजे बहुतेक स्त्रियांचे रोजचे जगणे आहे, याकडे कथेचे लक्ष नाही. चौघींपैकी रोहिणीचे नाव मराठीत भरपूर रुजले, ते अर्थातच नक्षत्रामुळे आणि कृष्णकथेमुळे. पण आगमकथेनेही पारडे त्याच बाजूला झुकविले होते.

मराठीने या अर्थापकर्षाला आणखी एक वळण दिले, आणि ते निर्णायक ठरले. मराठी बोलीत 'भोग' म्हणजे सुख नव्हे. देवापुढचा नैवेद्य आणि संक्रांतीच्या आदल्या दिवसाची भोगी सोडली, तर 'भोग' हा मुख्यतः सोसण्याचा शब्द आहे. भोग आला, भोग सरला, कपाळीचे भोग, केले तसे भोगावे लागते : कर्मविपाकाच्या कल्पनेने हा शब्द पुरता व्यापला. दुसऱ्या बाजूला महसुली भाषेत 'भोगवटा' म्हणजे कब्जा, आणि सुशिक्षित लेखनात 'भोगवस्तू', 'भोगदासी' हे शब्द स्त्रीच्या अवमानाचे वाचक. अमरसिंहाने नोंदलेला स्त्रीवेतनाचा अर्थ अशा रीतीने नव्या वेषात परत आला. नावाचा अर्थ कोशात नसतो, तो ज्या भाषेत नाव हाकारले जाते त्या भाषेच्या कानात असतो. मराठी कानाला 'भोगवती' म्हणजे एक तर सोसणारी, नाही तर भोगली जाणारी. पहिला धातू त्या कानापर्यंत पोहोचतच नाही, कारण मराठीत वेटोळ्याच्या अर्थाचा 'भोग' जिवंत नाही. प्रत्यय मात्र निर्दोष होता. प्रभावती, लीलावती, कलावती, पद्मावती या सर्व '-वती' मराठीत सुखाने नांदल्या.

यात एक अगदी घरगुती कारणही मिसळलेले आहे, आणि सिद्धांतचर्चेत ते हमखास निसटते. मराठी घरात नाव टिकते ते त्याच्या हाकेमुळे. गोदावरीची गोदू होते, यमुनेची यमू, भागीरथीची भागू, मंदाकिनीची मंदा. भोगवतीची हाक काय होणार? 'भोगू' म्हणजे क्रियापद, 'भोगी' म्हणजे सण किंवा विषयासक्त पुरुष. ज्या नावाची लडिवाळ हाक होत नाही ते बारशाच्या दिवशीच अडते. कुंडलिकेची 'कुंदा' सहज झाली असती. पण कुंदा हे नाव आधीच फुलाचे होते.

रंगभूमीकडे पाहिले तर या विभागणीतील विपरीतता अधिक ठळक होते. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' (१९१९) या नाटकाची नायिका सिंधू. पतीच्या व्यसनापायी दारिद्र्य, उपासमार आणि मूल गमावण्याचे दुःख हे सर्व ती जे करते त्याला मराठीत एकच शब्द आहे, 'भोगणे'. नाव मात्र स्नानमंत्रातल्या सात नद्यांपैकी एकीचे, पवित्र आणि दूरचे. भोग नायिकेच्या वाट्याला द्यावयाचा, पण तिच्या नावात त्याचा उच्चार होऊ द्यावयाचा नाही, असा हा संकेत आहे. नायिकेचे दुःख उदात्त वाटावे म्हणून तिचे नाव त्या दुःखाच्या शब्दापासून दूर ठेवले जाते. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतील मराठी नाटक-कादंबऱ्यांतील स्त्रीनामांचा या दृष्टीने कोणी आढावा घेतला तर तो उपयुक्त ठरेल.

उरतो भूगोल. मराठी मुलींना ज्या नद्यांची नावे मिळाली त्या तीर्थांच्या नद्या आहेत. त्यांच्या काठी क्षेत्रे आहेत, घाट आहेत, माहात्म्ये आहेत. त्यांत स्नान केले जाते, त्यांच्या परिक्रमा होतात. उत्तर कोकणच्या नद्या आखूड, पावसाळ्यात अफाट आणि मुखाकडे भरती-ओहोटीच्या. त्यांचा खालचा भाग व्यवहारात नदी म्हणून नव्हे, खाडी म्हणून ओळखला जातो, आणि खाडीला बंदराचे नाव पडते : धरमतरची खाडी, रेवदंड्याची खाडी. जुन्या गॅझेटियरमध्येही कुंडलिकेला 'रोह्याची नदी' असे पर्यायी नाव आहे. ज्या पाण्यावर गलबते येतात, मिठागरे चालतात आणि भातशेतीला खाऱ्या पाण्यापासून राखण्यासाठी बांध घालावे लागतात, त्याच्याशी माणसाचे नाते घनिष्ठ असते, पण ते स्तोत्राचे नसते. सावित्री हा अपवाद भासेल. परंतु मुलींना मिळालेली सावित्री सत्यवानाची, महाडची नव्हे. कुंडलिकेचे नाव अलीकडे बाहेरच्या लोकांच्या तोंडी बसले ते निराळ्याच कारणाने. मुळशीच्या धरणाचे पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजगृहातून तिच्यात सोडले जाते, त्यामुळे ती बारमाही झाली आणि कोलाडला नौकाविहारासाठी गर्दी होऊ लागली. आता ते नाव पाट्यांवर आणि जाहिरातींत आहे.

कोकणाबाहेरचे उदाहरण भूगोलाच्या या कारणाला मर्यादा घालते. कोल्हापूरची पंचगंगा ज्या पाच प्रवाहांची मानली जाते ते कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. घाट, देवळे, माहात्म्य, सारे काही तेथे आहे. सरस्वती आणि तुळशी ही मुलींची नावे त्या भागात विपुल आहेत, मग तुळशीचे नाव नदीवरून आलेले नसले तरी. भोगावती नाही. या भोगावतीवर शाहू महाराजांच्या काळात धरणाचे काम सुरू झाले; तेथे वसलेल्या गावाला त्यांच्या कन्या राधाबाई यांच्या नावावरून राधानगरी म्हटले गेले आणि जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले. राजघराण्यातील दोन स्त्रियांची नावे नदीकाठी येऊन स्थिरावली. उलट दिशेचा प्रवास, नदीच्या नावाने पाळण्याकडे जाण्याचा, तेथेही झाला नाही.

पेण तालुक्यात मात्र या शब्दाचे एक वेगळे रूप भेटते. हेटवणे येथील धरण ज्या नदीवर आहे तिचे नाव 'भोगेश्वरी' असे नोंदले जाते. '-वती'च्या जागी 'ईश्वरी' आली की 'भोग' हा शब्द सोसण्यातून सुटतो आणि नैवेद्याकडे वळतो. देवीला भोग चढतो, त्यात कोणाला काही खटकत नाही. हेटवण्याचे पाणी आज नवी मुंबईला जाते. ज्या घरांत ते पोहोचते तेथे ईश्वरी नावाची एखादी मुलगी असणे अगदी स्वाभाविक आहे.